आर-२२ वर बंदी म्हणजे एसीचा ट्रेड बंद नव्हे

दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'आर-२२ गॅसवर बंदी आली, आयटीआयचा फ्रिज-एसीचा ट्रेड बंद होणार, पोरांना सोलापुरात तिकडे घालू नका.' मी हेच काम करतो, म्हणून सांगतो. आर-२२ म्हणजे जुन्या एसीत थंडावा आणणारा गॅस.

अर्धी गोष्ट खरी आहे. आर-२२ ओझोनला घातक, म्हणून ओझोन वाचवायच्या जागतिक माँट्रियल कराराप्रमाणे भारतासारख्या देशांनी २०३० पर्यंत तो बंद करायचाय. पण जुन्या मशिनच्या दुरुस्तीसाठी २०४० पर्यंत थोडा गॅस मिळण्याची सोय त्याच करारात आहे. बंदी गॅसवर आहे, कामावर नाही.

उलट शिकलेल्या पोराची गरज वाढलीय. नव्या एसीत येणारा आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि त्याचा दाब आर-२२ च्या साधारण दीडपट. जुन्या मशिनमध्ये 'हाच भरून देतो' म्हणणारा जिवाशी खेळतो. जोड उघडायचा, तर आधी गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजन सोडून साबणाच्या फेसाने लीक शोधायचा, मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायची. घाईत ज्योत पेटवायची नाही. हे व्हिडिओ बघून हातात बसत नाही. ट्रेड दोन वर्षांचा आहे तो काय उगाच? दहावी पास लागते.

राहिलं काम. आपल्याकडचा एप्रिल-मे कोणाला सांगायला हवा! शिवाय डाळिंब-द्राक्षांची कोल्ड स्टोरेज आणि दुधाचे चिलर बाराही महिने चालतात.