कानाचा कागद आणि दीड महिन्याची लस

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्याच्या घरच्या ग्रुपवर एका बिलावरून वाद पेटला. नौपाड्यातल्या आतेबहिणीला मुलगी झाली आणि प्रसूतिगृहाच्या बिलात 'ओएई', म्हणजे नवजात बाळाच्या कानाच्या तपासणीची एक रक्कम निघाली. काकांचं म्हणणं, आमची सगळी मुलं याशिवाय वाढली, हे बिल फुगवायचे प्रकार आहेत. दादाचं म्हणणं, ही तपासणी सरकारनं कायद्यानं सक्तीची करावी. मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये बसून दोघांचं वाचत होते. काकांचं मला अजिबात पटलं नाही. दादाचं पटलं, पण अर्धंच.

आधी ही तपासणी काय आहे ते सांगते, कारण ती मला आजही विलक्षण वाटते. आपला कान आवाज नुसता ऐकत नाही, स्वतःही बारीक आवाज काढतो. आतल्या शंखासारख्या कॉक्लियात बाहेरच्या केसपेशींच्या रांगा असतात. आवाज आला की त्या आखडतात, लांबतात आणि तो आवाज वाढवतात. या हालचालीचा क्षीण पडसाद उलटा कानाबाहेर येतो. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली तो पहिल्यांदा मोजून दाखवला. बाळाच्या कानात मऊ बोंडाची नळी ठेवतात. तिच्यातून टिकटिक आत जाते आणि त्याच नळीतला मायक्रोफोन परत येणारा पडसाद टिपतो. सुई नाही, औषध नाही. बाळ झोपलेलं असलं तर उत्तमच. सगळं काही मिनिटांत आटपतं.

पडसाद आला नाही म्हणजे मूल बहिरं, असं मात्र नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानात पाणी, चिकटा असतो. वॉर्डात पंखे आणि भेटायला आलेल्यांचा गलका असतो. उलट, पडसाद आला तरी कानापासून मेंदूपर्यंतच्या मज्जातंतूत दोष असू शकतो, आणि तो या यंत्राला दिसत नाही. कावीळ फार वाढलेल्या किंवा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना म्हणून बेरासारखी मेंदूच्या लहरींची तपासणीही लागते.

माझ्या मुलीच्या उजव्या कानानं पहिल्या दिवशी स्पष्ट प्रतिसाद दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी आलो तेव्हा पुढच्या तपासणीची तारीख हातात होती, आदल्या दिवशी आठवणीचा फोनही आला. आम्ही दोघंच, आई व्हिडिओवर रडवेली. ते दिवस फार एकटे गेले. ठाण्याला असते तर बाळाला घ्यायला दहा हात होते, हे मी कधीच विसरणार नाही. पण तारीख कुणीतरी धरून ठेवली होती. त्या तपासणीत कान ठीक निघाला.

दादाच्या मुलाची, माझ्या भाच्याची, हीच तपासणी ठाण्यातच दुसऱ्या दिवशी झाली होती. सक्ती नसतानाही झाली होती. कागदावर दोन्ही कानांपुढे 'रेफर' होतं, म्हणजे पास नाही, पुन्हा तपासा. 'पाणी असेल, नंतर एकदा दाखवून घ्या,' एवढं सांगून घरी पाठवलं. तो कागद बिलांच्या फायलीत गेला. वहिनी बाळंतपणाला माहेरी, ठाण्यातच होती. सव्वा महिन्यानं ती बाळाला घेऊन घोडबंदर रोडच्या घरी आली, फाइल माहेरीच राहिली. आई मागून ताट वाजवून बघायची आणि तो वळायचा. विसर्जनाला मासुंद्याच्या काठी ढोल वाजले की दचकायचा. त्याला ढोल ऐकू येत होता, 'स' आणि 'श' येत नव्हते. 'बाबाही उशिराच बोलले होते,' असं म्हणण्यात अडीच वर्षं गेली.

म्हणून दादाला म्हटलं, सक्ती असती तरी तुझ्या घरी काय बदललं असतं? यंत्र होतं, तपासणी झाली होती. हरवला तो दुसरा फेरा. जगभर मानतात तो हिशोब १-३-६ असा आहे: १ महिन्यात तपासणी, ३ महिन्यांत पक्कं निदान, ६ महिन्यांत श्रवणयंत्र आणि भाषेचं काम सुरू. पहिला आकडा सोपा आहे. मूल हातातून निसटतं ते १ आणि ३ च्या मध्ये. ब्रिटनमध्ये नवजात बाळांच्या कानांच्या तपासणीचा कार्यक्रम २००६ पर्यंत देशभर पोचला आणि त्याचं बळ इथल्या पाठपुराव्यात आहे.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. बहिरेपणाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, आणि तो कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातूनच. वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

ब्रिटनची पद्धत जशीच्या तशी उचला, असं मी म्हणणार नाही. इथे बाळंतीण माहेरी जात नाही. आपल्याकडे जाते, आणि जावं. पण आपल्याकडे एक गोष्ट सहसा कुणी चुकवत नाही, ती म्हणजे लस. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या डोसाला बाळ माहेरी असो की सासरी, कार्ड पिशवीत असतंच. 'रेफर' हा शब्द फायलीतल्या कागदावर न ठेवता त्या कार्डावर, दीड महिन्याच्या लसीच्या ओळीतच लिहावा. लस टोचणाऱ्या सिस्टरनं तो वाचून विचारावं, 'कान परत तपासला का?' साडेतीन महिन्यांच्या डोसापर्यंत उत्तर आलं नाही तर घरी फोन जावा. सक्तीचा कायदा आणायचा तर या फोनाची सक्ती करा.

भाचा आता श्रवणयंत्रं लावतो, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीला जातो. मला 'आत्या' म्हणताना त्याचा 'त' अजून अडखळतो. दादाला यंदा मुलगी झाली, तिचे दोन्ही कान पास. पण घरात आधी बहिरेपण असेल तर पास झालेल्या बाळालाही पुन्हा तपासायचं, असं ऑडिओलॉजिस्टनं बजावलंय. वहिनीनं कार्डाचा फोटो पाठवला. नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीसमोर तिनं लाल पेनानं लिहिलंय: कान, बेरा.