परड्यात फ्लॉवरचा हट्ट कशाला?

भातं कापून झाली, सकाळी दव पडू लागलं की रोपवाल्याकडे फ्लॉवर-कोबीच्या रोपांवर उड्या पडतात. माझं मत विचाराल तर कोकणपट्टीत हा हट्ट करू नये. किनाऱ्यावर घाटावरची थंडी नाही. उबदार रात्रींत फ्लॉवरचा गड्डा धरतच नाही, धरला तर विस्कटतो. तेवढ्याच जागेत लाल माठ, मुळा, चवळी आणि वाल भरभरून येतात.

आधी माती. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात पावसाळा तिच्यातला चुना धुऊन नेतो. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद वाफ्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि 300 ग्रॅम चुलीतली राख मिसळा. ताजं शेण नको, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आयतं आमंत्रण. राख आणि युरिया एकत्र टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

माठाचं बी 5 ग्रॅम पुरे. ते पाचपट बारीक रेतीत मिसळून फेका, नाहीतर एकाच जागी झुबका उगवतो. वरून मातीचा हलका हात फिरवा. दाट रोपं उपटून तीच पहिली भाजी. बाकीचा माठ 25-30 दिवसांत तयार. मुळ्याचं बी एक-दीड सेंटीमीटर खोल, दोन रोपांत चार बोटं अंतर. 45 दिवसांपुढे ठेवलात तर आतून भेंड होतो. धणे आख्खे पेरू नका, रगडून दोन फाका करा. विहीर खारट असेल तर वालाच्या नादी न लागता पालक लावा, तो खारं पाणी बऱ्यापैकी सोसतो.

खरी डोकेदुखी वांगी-टोमॅटोची. हिरवंगार झाड दोन दिवसांत माना टाकतं आणि लोक आणखी पाणी घालतात. खोड तिरकं कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरा. दुधासारखे धागे उतरले तर ती जिवाणूजन्य मर. औषध शोधत बसू नका. झाड मुळासकट काढून जाळा, आणि त्या वाफ्यात निदान तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा नको. एका आळ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडलंत तर रोगही सोबत जातो.

चवळीवर मावा आला तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.

आता आरोग्य. ‘घरची म्हणजे विषमुक्त’ हे तुम्ही स्वतः काय फवारता त्यावर ठरतं. घरच्या पालेभाजीचा हुकमी फायदा ताजेपणाचा: तोडल्यापासून, विशेषतः उन्हात, क जीवनसत्त्व घटत जातं. म्हणून तोडणी आणि फोडणी यांत तासाभराचंच अंतर ठेवा. आधी धुवा, मग चिरा. माठात लोह आहे, पण ते सगळं अंगी लागत नाही. ताटात लिंबू पिळा. ओलं खोबरं चवीपुरतं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे माठातलं बीटा कॅरोटीन शोषलं जातं. मुळ्याचा पाला फेकणाऱ्यांना काय म्हणावं? कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व कंदापेक्षा त्यातच जास्त. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र माठ-पालक डॉक्टरांना विचारूनच.

माठ दर पंधरा दिवसांनी थोडाथोडा पेरा. आणि पेरण्याआधी वाफ्याभोवती जुनं मासेमारीचं जाळं बांधा, कोंबड्या उगवायची वाट बघत नाहीत.