कॅमेरा हलत नाही तेव्हाच खरी टरकते

परवा एका नव्या हॉरर पिक्चरला गेले होते, नाव नाही घेत, पण दोन तास नुसते कानावर दणके. दार उघडलं दणका, मांजर आलं दणका, नवरा मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो तरी दणका. थिएटरमधली पोरं दर वेळी दचकत होती आणि पुढच्याच सेकंदाला पॉपकॉर्न खायला लागत होती. बाहेर पडताना सगळे बोलत होते भुताच्या मेकअपबद्दल आणि व्हीएफएक्सबद्दल. मला मात्र एकच मोजमाप महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे भूत यायच्या आधी डिरेक्टरने आपल्याला किती वेळ ताटकळत ठेवलं, आणि त्या वेळात आपल्याला काय बघायला दिलं, काय ऐकायला दिलं. मागून अचानक कोणीही ओरडलं की माणूस दचकतोच, त्यात कसली आलीये कला. घरी आल्यावर पॅसेजमधला लाइट बंद करायला जीव होत नाही ती भीती वेगळी, आणि ती एडिटिंग टेबलावर आणि साउंड स्टुडिओत फार बारकाईने बनवलेली असते.

आता बघा, बाथरूमचा आरसा हा सीन आपण सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलाय. हिरोईन आरशातलं कपाट उघडते, औषधाची बाटली काढते, कपाट बंद करते, आरशात मागे कोणीतरी उभं. आता हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कपाट उघडलं की आपण आधीच खांदे आखडून घेतो. म्युझिक खाली जातं, क्लोजअप येतो, एक सेकंद शांतता, मग धडाम. म्हणजे पिक्चरच आपल्याला आधी सांगतो की सावध हो, आता येतंय. क्लोजअप ही धोक्याची घंटा झालीये, कारण चेहरा जवळ आला की मागचं काही दिसत नाही आणि दिसत नाही म्हणजे तिथे काहीतरी आहे, हे प्रेक्षकाला पाठ झालंय.

आणि म्हणूनच मला 'द एक्सॉर्सिस्ट ३' मधला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा सीन इतका थोर वाटतो. १९९० चा पिक्चर, विल्यम पीटर ब्लॅटीने लिहिलेला आणि त्यानेच डिरेक्ट केलेला, मूळ 'एक्सॉर्सिस्ट'ची कादंबरीही त्याचीच. पिक्चर म्हणून सगळा जमलाय असं मी म्हणणार नाही, शेवटी शेवटी तर बराच गडबडतो, पण हा एक सीन फिल्म शिकणाऱ्या प्रत्येक पोराला दाखवावा असा आहे. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचे तीन पॅरा सोडा, आधी सीन बघून या, खरंच.)

रात्रीची वेळ आहे, हॉस्पिटलमध्ये खून झालेत म्हणून पोलिस पहारा आहे. कॅमेरा कॉरिडॉरच्या एका टोकाला ठेवलाय आणि तो तिथेच राहतो. लांबवर नर्सचं डेस्क, नर्स एकटी, काहीतरी काम करतेय. दोन्ही बाजूंना दारं. म्युझिक जवळजवळ नाहीच. आणि हे चालूच राहतं, चालूच राहतं, इतकं की आपल्याला वाटायला लागतं की एडिटर कट करायला विसरला की काय. पोलिस इकडून तिकडे जातो, नर्स उठते, बसते. मग तिला कसलातरी बारीक आवाज येतो, ती एका खोलीत जाते, आणि इथे पहिल्यांदा कॅमेरा जवळ जातो. आपण लगेच सावध होतो, कारण क्लोजअप आला म्हणजे आता होणार. आवाज निघतो ग्लासातल्या बर्फाचा. आणि तेवढ्यात बेडवरचा पेशंट ताडकन उठून तिच्यावर खेकसतो. आपण दचकतो, मग हसतो, सुस्कारा सोडतो, झालं एकदाचं.

ती बाहेर येते आणि कॅमेरा परत त्याच जागी, त्याच टोकाला. आता आपण सैल झालेलो असतो. ती अजून एका खोलीत डोकावते, बाहेर येते, पाठ फिरवून चालायला लागते आणि त्या क्षणी मागच्या दारातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक आकृती, हातात भलीमोठी कात्री, तिच्या मागोमाग झपाझप पावलं टाकत बाहेर येते. कॅमेरा एकदम झूम होतो, आवाज किंचाळतो आणि कट, मुंडकं नसलेला पुतळा. संपलं. खून दाखवलेलाच नाही, रक्ताचा एक थेंब नाही.

हा सीन मी कितीही वेळा बघितला तरी माझ्या पोटात खड्डा पडतो आणि तो का पडतो यावर मी बराच विचार केलाय. पहिलं म्हणजे लांबचा, न हलणारा शॉट असला की कुठे बघायचं हे डिरेक्टर सांगत नाही. नेहमी कॅमेराच आपल्या डोळ्यांना धरून नेतो, आता हिच्याकडे बघ, आता दाराकडे बघ. इथे त्याने हात सोडून दिलेत. मग आपण काय करतो, स्वतःच सगळी दारं तपासत बसतो, डावीकडचं, उजवीकडचं, नर्सच्या मागचा अंधार, आणि एक दार बघताना दुसरं सुटतंय ही हुरहुर सारखी लागते. गॅसवर दूध ठेवून त्याच्यासमोर उभं राहिल्यावर नजर हटवायची हिंमत होत नाही, अगदी तसं. दुसरं म्हणजे क्लोजअपमधली भीती त्याने मुद्दाम खोटी ठेवली आणि खरी भीती अशा फ्रेममध्ये आणली जी फ्रेम इतका वेळ 'सेफ' होती. आपल्याला पाठ झालेलं व्याकरण त्याने आपल्यावरच उलटवलं. आणि तिसरं, तो झूम. इतका वेळ न हललेला कॅमेरा हलला म्हणून त्या झूमला ताकद आहे, सुरुवातीपासून तीन वेळा झूम केलं असतं तर चौथ्याला कोणी विचारलं नसतं. आपल्या डेली सोपमध्ये एकाच चेहऱ्यावर तीन तीन झटके देतात ना, त्याने नेमकं हेच होतं, झूमची किंमतच जाते.

याच जातकुळीतला एक शॉट जॉन कारपेंटरच्या 'हॅलोवीन'मध्ये आहे, १९७८ चा. हिरोईन लॉरी दाराच्या चौकटीला टेकून रडतेय, तिच्या बाजूला खोलीचा काळोख. आणि त्या काळोखातून खुन्याचा पांढरा मुखवटा हळूहळू दिसायला लागतो. तो चालत पुढे येत नाही, तो तिथेच होता. कॅमेरामन डीन कंडीने त्या मुखवट्यावर एक लाइट डिमरवर (उजेड कमीजास्त करायचं बटण) ठेवून हळूहळू वाढवला, बस. एवढंच तंत्र. पण तो आत्ता आला नाही तर इतका वेळ आपल्यासमोरच उभा होता आणि आपल्याला दिसला नाही, हे जे कळतं ते कुठल्याही किंकाळीपेक्षा भयंकर आहे. सुमारे ३ लाख डॉलरमध्ये बनलेला पिक्चर आहे हा, हॉलिवूडच्या हिशोबाने तेव्हाही किरकोळ रक्कम. तेव्हा "आमच्याकडे बजेट नसतं" हे मला कोणी सांगू नका.

याचा अर्थ दचकवणं वाईट असं माझं म्हणणं नाही. दचकवण्याचीही एक इज्जत आहे, ती कमवावी लागते. १९४२ चा 'कॅट पीपल' घ्या, निर्माता व्हॅल ल्युटन, डिरेक्टर जाक टूर्नर. रात्र, पार्कच्या दगडी भिंतीच्या कडेने एक बाई एकटी चाललीये, दिव्याच्या खांबाखाली उजेड, मग काळोख, मग परत उजेड. तिच्या टाचांचा आवाज, आणि मागून दुसऱ्या टाचांचा आवाज. टक टक, टक टक. मग मागचा आवाज बंद होतो. फक्त बंद होतो! काहीही झालेलं नाही, एक आवाज कमी झालाय, आणि आपला घसा कोरडा. ती मागे बघते, कोणी नाही, ती पळायला लागते, आणि फस्स्स करून एखाद्या जंगली जनावरासारखा आवाज येतो. बस. साधी सिटी बस, ब्रेक मारून तिच्यासमोर थांबलेली. या कारागिरीवरून इंडस्ट्रीत असल्या खोट्या दणक्याला 'ल्युटन बस' म्हणायला लागले. पण नक्कल करणाऱ्यांनी फक्त बस उचलली, त्याआधीची ती टाचांची चाल कोणी उचलली नाही. दणका त्या बसचा नाहीये, तो त्या शांततेचा आहे.

आवाजावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं म्हणून सांगते. 'द शायनिंग'मध्ये तो लहान पोरगा तीनचाकी सायकल घेऊन रिकाम्या हॉटेलात फिरतो, कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे मागे. चाकं लाकडी फरशीवर आली की घरघर मोठा आवाज, गालिच्यावर गेली की एकदम गप्प, परत फरशी, परत गालिचा. एकही भूत नाही तिथे. पण कानाला एक लय लागते आणि प्रत्येक वळणावर ती लय तुटेल की काय या धास्तीने आपण त्या सायकलच्या मागे खेचले जातो. वळणापलीकडचं आपल्याला पोराच्या आधी दिसत नाही, त्याच्याबरोबरच दिसतं, कारण कॅमेरा त्याच्या उंचीवर आहे. कॅमेरा मोठ्या माणसाच्या उंचीवर ठेवला असता तर आपण त्या पोराचे पालक झालो असतो. खाली ठेवला म्हणून आपण तो पोरगाच होतो.

आणि आता आपल्या मातीतलं. राही अनिल बर्वेंचा 'तुंबाड', २०१८ चा, हिंदीत आहे पण अंगाने पक्का मराठी, नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा त्यामागे आहे हे धारप वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्यातला म्हातारीचा भाग आठवा. म्हातारी साखळीने बांधलेली, तिला झोपेतच भरवायचं, जागी झाली तर हस्तरचं, म्हणजे गोष्टीतल्या त्या शापित देवाचं, नाव घेऊन परत झोपवायचं. इथे भीतीचं तंत्र कॅमेऱ्याच्या आधी स्क्रिप्टमध्ये आहे, प्रेक्षकाला नियम सांगून ठेवलाय. आई पोराला एकट्याला सोडून जाते तेव्हा आपल्याला नियम माहीत, पोराला माहीत, आणि तो घाबरून ऐन वेळी ते नाव विसरणार हेही आपल्याला आत कुठेतरी माहीत. मग पंकज कुमारांचा कॅमेरा ती दिव्याची तुटपुंजी तिरीप देतो, ज्यात अर्धं दिसतं आणि अर्धं आपण स्वतः भरतो. बाहेर पाऊस कोसळतोय, म्हणजे हाक मारली तरी कोणाला ऐकू जाणार नाही. नियम नसता तर ती नुसती एक विद्रूप म्हातारी राहिली असती. 'अ क्वाएट प्लेस'मध्ये जरा आवाज झाला की मरण, तिथला जिन्यातला खिळा पण हेच काम करतो, खिळा वर आलाय हे आपल्याला दिसलंय, घरातल्या कोणालाच नाही, आता पुढचा प्रत्येक अनवाणी पाय आपल्या जिवावर.

मराठीत मला सगळ्यात जास्त आशा वाटली ती विशाल फुरियांच्या 'लपाछपी'मुळे. पूजा सावंत गरोदर, नवऱ्याबरोबर गावाकडच्या एका घरात येऊन राहिलेली, चारी बाजूंनी ऊस. आणि यातली बरीचशी भीती भर दिवसा! ज्याने वाढलेल्या उसात पाय टाकलाय त्याला माहितीये की आत दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पात्यांची सळसळ सगळीकडून येते आणि आवाजाची दिशाच कळत नाही. लोकेशननेच कॅमेऱ्याचं अर्धं काम केलंय. उषा नाईकांची तुळसाबाई नुसती दारात उभी राहून प्रेमाने बोलते तरी अंगावर काटा येतो, कारण तिला घाईच नाहीये. याच डिरेक्टरने नंतर २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' केला, तोही बरा आहे पण मला मूळचाच जास्त लागला.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली तेव्हाही तेच वाटलं होतं. आकेरीतलं ते घर, ती ओटी, आतल्या खोल्यांचा अंधार, तिथे नुसता कॅमेरा ठेवून गप्प बसलं असतं तरी पुरलं असतं. पण रोजचा एपिसोड, रोजचा ब्रेक, मग बॅकग्राउंड म्युझिकचे दणके आलेच. चॅनलवाल्यांना भीती वाटते की दहा सेकंद काही घडलं नाही तर माणूस रिमोट उचलेल. आणि आता ओटीटीवर तर लोक एका हातात मोबाईल घेऊनच बघतात म्हणून आवाज अजून वाढवायचा, कट अजून जलद मारायचे. माझं म्हणणं याच्या बरोबर उलटं आहे. मोबाईलमध्ये घुसलेला माणूस दणक्याने एक सेकंद वर बघतो आणि परत खाली बघतो. पण घरातले सगळे आवाज अचानक बंद झाले, पडद्यावर कोणीच बोलत नाहीये, हलत नाहीये, तर तो आपोआप मान वर करतो आणि मग खाली घालत नाही.

आपल्याकडे वाडे आहेत, माजघरं आहेत, चाळींचे लांबच लांब कॉमन पॅसेज आहेत ज्यांच्या शेवटी एकच पिवळा बल्ब असतो. त्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरपेक्षा आपली चाळ कुठेच कमी नाही. कोणीतरी ट्रायपॉड लावून त्या पॅसेजच्या टोकाला कॅमेरा ठेवा, म्युझिक डिरेक्टरला चार मिनिटं सुट्टी द्या आणि एडिटरला सांगा हात लावू नकोस. मी पहिल्या दिवशी पहिल्या शोला तिकीट काढून येईन, घरच्या सगळ्यांना घेऊन येईन.

तुम्हाला असा एखादा सीन आठवत असेल, मराठी असेल तर फारच उत्तम, जिथे बराच वेळ काहीच झालं नाही आणि तरी तुम्ही खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तर खाली नाव लिहा. मला या वीकेंडला बघायचेत.