‘नुसत्या चिंधीचे’ १,८०० रुपये: एका अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की आबांच्या ठासणीच्या बंदुकीत पुसताना नुसती चिंधी अडकली होती. ती काढायला आम्ही चार दिवस लावले, १,८०० रुपये घेतले, बंदूक घेऊन आलेल्या आतेभावाला आधी दारातूनच परत पाठवलं आणि वर गज (नळीत दारू-छरे ठासायची लाकडी काठी) मोडून दिला. गावातला लोहार म्हणे सळई तापवून दहा मिनिटांत मोकळी करून देत होता. तुम्ही मुंबईला असता, फोनवर कानावर आलं ते लिहिलंत. पण सिंधुदुर्गात शेती संरक्षण परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका घरोघरी आहेत आणि लोहाराचा तो सल्ला कुणीतरी खरा मानील, म्हणून जरा लांब उत्तर देतो.

आतेभावाचं आधी. बंदूक आबांच्या परवान्यावर आहे. दुसऱ्या कुणी ती दुरुस्तीला आणायची, तर परवानाधारक सोबत हवा, नाहीतर त्याच्या सहीचं पत्र हवं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्येच ते आहे. त्याच्याकडे परवान्याची झेरॉक्स होती, पत्र नव्हतं. अशी बंदूक मी आत घेतली, तर रजिस्टर तपासायला आलेल्या साहेबांना उत्तर मी देणार, आणि वाटेत कुणी हटकलं तर तो पोरगा देणार. मग आबा स्वतः आले. ‘गज मोडलेला, टोक नळीत’ अशी नोंद त्यांच्यासमोर केली, खाली त्यांची सही आहे. तेव्हा गजाचा विषय इथेच संपला.

आता चिंधी. आबा म्हणाले, “रिकामीच आसा ती.” ठासणीची बंदूक कुणीही रिकामी म्हणून दिली, तरी आम्ही ती भरलेलीच समजतो. काडतुसाची बंदूक मोडून आत बघता येतं. हिचं बूड बंद, तोंडातून डोकावणं म्हणजे मूर्खपणा. म्हणून तोंड बाजूला ठेवून आमची पितळी सळई आत सोडली, तोंडाशी खडूने खूण केली आणि तीच सळई नळीच्या बाहेरून लावून पाहिली. रिकामी नळी असती तर टोक निपलच्या (बुडाशी असलेल्या, आत ठिणगी पोचवणाऱ्या छोट्या पोकळ नळकांडीच्या) खाली आलं असतं. ते वीतभर अलीकडेच थांबलं. आबांना विचारलं, चिंधी केवढी होती? त्यांनी तळहात दाखवला. मोडलेलं टोक दोन बोटं. तळहाताएवढी चिंधी आणि दोन बोटं लाकूड मिळून वीत होत नाही.

तिथून घाई संपली. आत बार, म्हणजे ठासलेली दारू आणि छरे, असण्याची शक्यता असताना लोखंडी सळईवर हातोडी मारायची नाही, ड्रिल घालायचं नाही, आणि तापलेली सळई तर नाहीच नाही. काळी दारू ठिणगीची वाटच बघत असते आणि सळई धरणारा माणूस बरोबर नळीच्या तोंडासमोर असतो. दुसरा गावठी उपाय म्हणजे केप (निपलवर बसवायची, ठिणगी पाडणारी टोपी) लावून ‘उडवून टाकायची’. मध्ये असं काही घट्ट रुतलेलं असताना उडवली, तर नळीला फुगवटा येतो किंवा ती फाटते, आणि डावा हात नळीखालीच असतो.

निपल गंजाने धरला होता. तेल सोडून एक रात्र ठेवावा लागला. जोर करून फिरवला असता तर आट्यांसकट तुटला असता, मग तुम्ही खरोखरच एक तारा दिला असता. निपल निघाल्यावर त्या भोकातून पाणी सोडलं. दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा पाण्यात विरघळला की ती पेटत नाही. नुसत्या तेलाच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून पाणीच. थोड्या वेळाने भोकातून ओल्या मशेरीसारखा काळा गाळ बाहेर आला, गंधकाच्या वासासकट. आबा समोर बसले होते. त्यांनी तो बोटावर घेऊन पाहिला आणि मग त्यांना आठवलं, की मिरगाच्या आधी डुकरांसाठी भरून ठेवली होती. डुकरं त्या रात्री आलीच नाहीत.

चिंधी पेचदार आकड्याने ओढून बघितली, पण मोडकं टोक तिच्यात आडवं बसलं होतं. म्हणून निपलच्या जागी गाडीला ग्रीस भरतात तसली जोडणी बसवली. जुन्या बंदुकांचे आटे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे ती लेथवर खास कातून आणावी लागली. तुमचे चार दिवस बहुतेक तिथे गेले. हवा दाबून भरली की अडकलेली वस्तू सुटताना गोळीसारखी उडते. ग्रीस दबत नाही, म्हणून ती फक्त सरकते. हातपंपाने सावकाश मारत गेलो. आधी चिंधी आणि गजाचं टोक, मग काथ्याचा बोळा, मग छरे, परत काथ्या, आणि शेवटी ग्रीसमध्ये मळलेली दारू. हे सगळं वाळूच्या पोत्याकडे तोंड करून.

नंतर गरम पाणी आणि साबणाने नळी धुतली, सुकवली, तेल दिलं आणि घट्ट कापड आतून फिरवून फुगवटा आहे का पाहिलं. नाही. नळी चांगली आहे, बुडाशी गंजाचे खड्डे आहेत तेवढेच. जळलेल्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. काहींच्या नळीत तर कुंभारमाशी मातीचं घर करते. पण ती निदान पेटत नाही.

१,८०० मध्ये लेथचं काम, नवा निपल आणि मजुरी आली. बिलावर तिन्ही वेगळी लिहिली आहेत, आबांकडे असेल. ती जोडणी आमच्याकडेच ठेवली आहे. त्याच आट्याची दुसरी बंदूक आली तर तिला लेथचा खर्च लागणार नाही. निघालेल्या मालाचा फोटो मागितलात. बंदुकीचा क्रमांक त्यात दिसतो, म्हणून इथे टाकत नाही. दुकानात येऊन बघा.

लोहाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. कोयती त्याच्यासारखी कुणी पाजवत नाही. पण बंदूक दुरुस्त करायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, तो त्याच्याकडे नसणार.

नवा गज आबांनी सांगितला होता, तो तयार आहे. त्यावर भरलेल्या आणि रिकाम्या नळीची अशा दोन खुणा कोरून दिल्या आहेत. न्यायला आतेभाऊ आला तरी चालेल, नुसत्या गजाला पत्र लागत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.