आधी तिलापिया काढा, मग मरळ सोडा

कोकणातल्या तळ्यांत मरळ हा गोड्या पाण्यातला देशी मासा परत आणायला त्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा, असं एका लेखात म्हटलंय. त्याआधी तिलापिया हा परदेशी मासा काढायलाच हवा! मे महिन्यात पाणी उतरलं की बारीक छिद्रांचं ओढजाळं फिरवा, दरवर्षी. तिलापियाची मादी अंडी तोंडात उबवते, त्यामुळे चार-दोन राहिले तरी तळं पुन्हा भरतं. मरळीची बोटुकली त्याच नदीखोऱ्यातली, एका मापाची घ्या. नाहीतर मोठी पिल्लं लहानांना गिळतात. सोडताना बोटुकलींची पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घाला.

काठचं गवत सुशोभीकरणासाठी कृपया उपटू नका, मरळ तिथेच अंडी घालते. लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नका. राखणारे आईबाप गेले की सगळी पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.