हेडचा स्क्रू आणि आईचा कान

आमच्या घरात १९८६ पासून एकच टेप आहे आणि त्याचे मालक दोन आहेत. एक मी, दुसरी आई. टेप म्हणजे टेपरेकॉर्डर. आडवा, मोनो, पुढच्या अंगाला पियानोसारखी बटणं असलेला. आई संगीत विशारद. बाईंच्या क्लासातल्या तालमी तिने याच टेपवर भरून घेतल्या आणि तो माळ्यावर जाईपर्यंत याच टेपवर ऐकत आली. माझा हक्क काकांमुळे. त्यांनी लंडनहून झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा कॉम्प्युटर आणला. स्पेक्ट्रम निघाला १९८२ साली, आमच्या गिरगावात पोचायला त्याला चार वर्षं लागली. रबराची बटणं आणि ४८ के मेमरी. आज व्हॉट्सअपवर गुड मॉर्निंग म्हणणारा एक गुलाबसुद्धा त्याहून जास्त जागा खातो.

या कॉम्प्युटरला कायमची स्मरणशक्ती नाही. वीज गेली की तो सगळं विसरतो. म्हणून खेळ कॅसेटवर, कॅसेट टेपमध्ये आणि टेपच्या इअर भोकातून वायर कॉम्प्युटरच्या इअर भोकात. ‘J’ बटण दाबलं की ‘लोड’ अख्खं उमटतं, मग सिंबल शिफ्ट धरून दोनदा ‘P’, एंटर, आणि टेपचं प्ले. आधी टीव्हीच्या कडेला लाल-आकाशी रुंद पट्टे सावकाश सरकतात, मग निळे-पिवळे बारीक पट्टे पिसाळल्यासारखे धावतात. सेकंदाला साधारण पंधराशे बिट, म्हणजे मोठा खेळ चढायला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत घरात कोणी मिक्सर लावायचा नाही आणि टेबलाला पाय लावायचा नाही, असा माझा चौदाव्या वर्षापासूनचा फतवा आहे. तो कोणीही पाळलेला नाही.

क्रूरपणा पुढेच आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी एक बाइट फक्त हिशेब जुळतोय का ते बघायला ठेवलेला असतो. आधीचे हजारो बाइट नीट येऊन मध्ये एखादा बिट चुकला, तर हे महाशय शेवटपर्यंत हूं की चूं करत नाहीत. रांगेत तासभर उभं करून खिडकीशी पोचल्यावर ‘झेरॉक्स कुठाय?’ विचारणाऱ्या कारकुनासारखं अगदी शेवटी सांगतात : ‘आर टेप लोडिंग एरर’.

यंदा जुलैत मी टेप आणि स्पेक्ट्रम दोघांना माळ्यावरून खाली काढलं. जुलैत! मुंबईत ज्या महिन्यात पापडसुद्धा डब्यात लोळागोळा होतात, त्या महिन्यात. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी. टेप उघडला तर आतला रबरी बेल्ट वितळून त्याचं डांबर झालेलं. ते कापसाने पुसताना माझी दहा बोटं, आईचा नॅपकिन आणि एका मांजराची शेपटी काळी झाली. (मांजर शेजाऱ्यांचं. सुदैवाने शेजारीही ते आपलं आहे असं मानत नाहीत.)

लॅमिंग्टन रोडला बेल्ट मागितला तर दुकानदाराने माझ्याकडे, मग माझ्या केसांकडे पाहिलं. ‘कौनसा मॉडेल, अंकल?’ मी दोऱ्याने घेतलेलं माप पुढे केलं. त्याने खोक्यात हात घालून मूठभर बेल्ट काउंटरवर ओतले, नूडल्ससारखे. तिसरा बसला. येताना आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटलीही घेतली. त्या अल्कोहोलने फीत वाचणारं हेड पुसलं, फीत ओढणारा कॅपस्टन पुसला, फीत त्यावर दाबून धरणाऱ्या पिंच रोलरवरचा चाळीस वर्षांचा तपकिरी थर उतरवला. आई दारातून म्हणाली, ‘स्पिरिटचा वास येतोय. इंजेक्शन कुणाला देतोस?’

तरीही एरर. व्हॉल्यूम अर्ध्यावर, पाऊणवर, पूर्ण. ट्रेबल सगळा वर. मागच्या खोलीत बायको आवाज न करता हसत होती, ते मला ऐकू येत होतं. शेवटी उरला तो स्क्रू.

हेडच्या एका बाजूला, बारीक स्प्रिंगवर बसलेला, कारखान्यातून डोक्यावर रंगाचा ठिपका लावून पाठवलेला. त्याने हेडचा तिरकेपणा ठरतो. खेळाची कॅसेट विलायतेत भरलेली, म्हणजे तिकडच्या हेडच्या कोनात. आमच्या टेपचा कोन वेगळा. केसभर फरक असला तरी वरचे तीव्र आवाज बसतात आणि कॉम्प्युटरला घोंगडीतून बोलल्यासारखं ऐकू जातं. उपाय असा की इअरची वायर काढायची, स्पीकरवर ती किर्रकिर्र चालू ठेवायची आणि घड्याळजीच्या स्क्रू-ड्रायव्हरने आवाज सगळ्यात धारदार होईपर्यंत फिरवायचं.

मी फिरवत बसलो. खालच्या मजल्यावरून फोन आला : ‘तुमचा मिक्सर जळतोय का?’ मला तर सगळंच सारखं किर्रकिर्र वाटत होतं.

आई येऊन खुर्चीत बसली. डोळे मिटून म्हणाली, ‘फिरव.’ मी फिरवला. ‘उतरतंय. मागे घे. अजून. अरे, एवढं नाही, तंबोऱ्याचा मणी सरकवतात तसं, जरासं. हां, थांब! आता उघडा लागला.’

वायर जोडली. लाल-आकाशी, निळे-पिवळे, पाच मिनिटं कोणीही श्वास घेतला नाही. आणि खेळ चढला. मी उठून नाचणार एवढ्यात चारचा पाण्याचा पंप सुरू झाला, दिवा मिचकला आणि स्पेक्ट्रम सगळं विसरला.

दुसऱ्या दिवशी आईने तालमीची कॅसेट लावली. बाईंचा यमन उशीखालून गायल्यासारखा आला. बरोबरच होतं. तिच्या कॅसेटी याच टेपवर, जुन्या कोनात भरलेल्या. स्क्रू एक आणि तिरकेपणा दोन. घरात दोन दिवस अबोला.

आता तोडगा असा आहे की स्क्रूच्या भोवती बायकोच्या नेलपॉलिशच्या दोन खुणा आहेत. लाल आईची, गुलाबी माझी. पंप आटोपला की साडेचार ते सहा गुलाबी, बाकी दिवसभर लाल. काल पाच मिनिटं लोड करून मी खेळायला बसलो आणि चाळीस सेकंदांत तिन्ही जीव गमावले. मागून आवाज आला, ‘झालं? मग फिरव लालवर.’