पाव कसा होतो, हे मराठीत कोण दाखवणार?

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. मी गोरेगावात वाढले आणि गेली बरीच वर्षं स्टुटगार्टमध्ये राहते, त्यामुळे दोन्हीकडचे वाद माझ्या फोनवर एकाच वेळी चालू असतात. इथल्या मुख्य स्टेशनाचं जमिनीखालचं काम २०१० साली सुरू झालं, ते अजून पुरं व्हायचं आहे. तिकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली, साडेतेहतीस किलोमीटर, जवळपास सगळी जमिनीखालून. शाळेच्या ग्रुपवर धडाधड फोटो आले आणि खाली मला प्रश्न, "तुमचं स्टेशन झालं का गं?"

नाही झालं. इथल्या कितीतरी बेकऱ्यांत अजून ‘फक्त रोख’ अशी पाटी असते, आणि म्युनिकच्या गाडीत बसलं की मध्येच फोनचं नेटवर्क जातं. मुंबईत भाजीवाली दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा क्यूआर कोडवर देते, आणि चर्चगेट ते विरार अख्खा डबा व्हिडिओ बघत जातो. रोजच्या वापरातल्या तंत्रज्ञानात मुंबई पुढे आहे, हे मी कधीच मान्य केलंय आणि मला त्याचा अभिमान वाटतो. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. इतक्या स्वस्त, इतक्या वेगवान पडद्यावर मराठी घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला बघायला मराठीत काय आहे?

गेल्या उन्हाळ्यात ताईकडे मुलुंडला होते. दुपारी भाचा जमिनीवर प्लास्टिकच्या गाड्या पसरून खेळत बसला होता. एक गाडी सोफ्याखालच्या दरीत पडली, दुसरी तिला वाचवायला निघाली, तिसरीत कुणी दुष्ट शास्त्रज्ञ होता. अर्धा तास चाललेला हा सगळा खेळ हिंदीत. "रुको, मैं आ रहा हूँ!" "बचाओ!" "अब तू नहीं बचेगा!" मध्येच तहान लागली तेव्हा मान न वळवता म्हणाला, "आजी, पाणी दे ना." पाणी प्यायला आणि परत हिंदीत शिरला.

त्याचं मराठी छान आहे. भूक, तहान, झोप, रुसवा, आजीशी लाडीगोडी, सगळं मराठीत. पण शत्रू, शोध, यंत्रं, पराक्रम म्हटलं की हिंदी, कारण डोरेमॉनपासून सगळे त्याच्याशी हिंदीत बोलतात. माझं हिंदीशी भांडण नाही, मीही हिंदी सिनेमावर वाढले. पण ज्या वयात मूल मनातल्या मनात गोष्टी रचायला लागतं, त्या वयात आपली भाषा फक्त जेवणाच्या ताटाशी उरत असेल, तर मला ते फार मोठं नुकसान वाटतं. काही कार्टून वाहिन्यांवर मराठी आवाजाचा पर्याय असतो. ताईच्या टीव्हीवरही होता. मेनूत जाऊन भाषा बदलावी लागते, आणि तो मेनू त्या घरात कुणी उघडलेलाच नव्हता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय आला, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. जूनच्या अखेरीस सरकारनं निर्णय मागे घेतले आणि ५ जुलैला वरळीच्या डोममध्ये दोन्ही ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषा लादू नयेत, हे मला पूर्ण पटतं. त्या दिवसांत माझ्या फोनवर जे काही आलं ते मी मन लावून वाचलं. शाळेतला तास, दुकानाची पाटी, बँकेतला कर्मचारी, रिक्षावाला. सगळ्यांवर लोक तावातावानं बोलत होते. मूल शाळेत जाण्याआधी तीन वर्षं घरच्या पडद्यासमोर बसतं, त्या पडद्याबद्दल त्यात काही नव्हतं. पहिलीच्या वर्गात हिंदी येण्याआधी ती आपल्याच हॉलमध्ये आलेली आहे, आणि कुठल्याही जीआरनं आणलेली नाही.

मल्टिप्लेक्सचा वादही असाच. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचं ठरवलं, त्यावर दोन्ही बाजूंनी बरीच खणाखणी झाली, आणि अजूनही दर थोड्या दिवसांनी कुणीतरी निर्माता ‘शो मिळत नाहीत’ म्हणून जीव तोडून बोलत असतो. त्याचं दुःख खरं आहे. पण वीस वर्षांनी त्या खुर्चीत बसणारा प्रेक्षक आज मुलुंडच्या हॉलमध्ये गाड्या खेळतोय.

आता इथलं सांगते. जर्मनीत प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो सार्वजनिक प्रसारणासाठी भरावे लागतात. घरात टीव्ही असो वा नसो. आपल्या हिशेबानं अठराशे-एकोणीसशे रुपये. लोक याबद्दल सतत कुरकुरतात, आणि कुरकुरायला कारणंही आहेत. बर्लिनच्या आरबीबी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या प्रमुख बाईंना २०२२ मध्ये उधळपट्टीच्या आरोपांवरून जावं लागलं, तेव्हा माझ्या ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सॅक्सनी-आनहाल्ट या एका राज्यानं ८६ सेंटची वाढ अडवून धरली होती. प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयानं वाढ लागू केली. ८६ सेंटसाठी देशातलं सर्वोच्च घटनात्मक न्यायालय बसतं, याचं तेव्हा मला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. प्रसारण सरकारच्या मर्जीवर राहू नये म्हणून हा पैसा सरकारी तिजोरीतून येतच नाही, आणि किती लागेल याचा हिशेब एक स्वतंत्र आयोग मांडतो.

या पैशातून काय काय होतं त्याची यादी मोठी आहे, त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी बघत नाही. रात्री आठची पंधरा मिनिटांची बातमी बघते, जी १९५२ पासून चालू आहे आणि ज्यात कुणी कुणावर ओरडत नाही. पण माझ्या घरात या पैशाचं मोल कळतं ते लेकीमुळे. ‘किका’ ही मुलांची वाहिनी १९९७ मध्ये सुरू झाली. जाहिराती नाहीत, आणि रात्री नऊला मुलांचे कार्यक्रम संपतात. परदेशातून आणलेलं कार्टूनही तिथे जर्मनच बोलतं, मुलाला कुठलं बटण शोधावं लागत नाही.

आणि रविवारी सकाळी उंदीर. हा कार्यक्रम १९७१ पासून चालू आहे. नारिंगी उंदीर, छोटासा निळा हत्ती, पिवळं बदक. तिघंही एक अक्षर बोलत नाहीत. मध्ये मध्ये खऱ्या जगातल्या गोष्टी येतात: टूथपेस्टमध्ये पट्टे कसे येतात, अमुक वस्तू कारखान्यात कशी तयार होते. कॅमेरा हातांवर, यंत्रावर, कणकेवर थांबतो, आणि एक शांत आवाज मुलाला कळेल अशा साध्या वाक्यांत सांगत राहतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आज काय काय बघायचंय ते आधी जर्मनमध्ये सांगतात, मग तेच एखाद्या परक्या भाषेत, आणि शेवटी ती भाषा कोणती होती ते. बाहेरून कामाला आलेल्या लोकांच्या मुलांना आपलं वाटावं म्हणून ही पद्धत पडली. माझी लेक दर रविवारी ती भाषा ओळखायला टपून बसते. स्वतःच्या भाषेत पाय घट्ट रोवलेल्या मुलांना दुसऱ्याची भाषा गंमत म्हणून ऐकवता येते, हे मी तिथे बघते.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तिकडे बसून सांगायला तुझं काय जातंय? इथे बाई येत नाही, आईचे गुडघे दुखतात, माझी मीटिंग असते. तो पाऊण तास गप्प बसतो, तर मी फोन देते." तिचं बरोबर आहे. आईबापांना शहाणपण शिकवून हे सुटणार नाही. जर्मन आयासुद्धा स्वयंपाक होईपर्यंत मुलांना पडद्यासमोर बसवतातच. फरक इतकाच की त्यांनी बसवलं तरी समोर जे येतं ते कुणीतरी विचार करून, पैसे घालून, त्यांच्या भाषेत बनवलेलं असतं. ताईनं बसवलं की समोर येतं ते ॲपनं पुढे ढकललेलं. ती दमलेली आहे हे दोन्ही शहरांत सारखंच.

महाराष्ट्राला हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. ज्या १९७१ साली जर्मनीत उंदीर पडद्यावर आला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बालभारतीनं ‘किशोर’ मासिक सुरू केलं. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या सरकारी संस्थेनं मुलांसाठी देखणं, स्वस्त मासिक काढलं, त्यात चांगले लेखक आणि चित्रकार आले, आणि ते आजही निघतं. जुने अंक तर आता फुकट वाचता येतात, मी लेकीला त्यातलं वाचून दाखवते. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिथे मुलांसाठी ‘किलबिल’ हा कार्यक्रम होता. कागदावरची आणि पडद्यावरची, दोन्ही दारं आपण वेळेत उघडली होती. कागदावरचं दार कुणीतरी निष्ठेनं उघडं ठेवलं. पडद्यावरचं जाहिरातदारांच्या भरवशावर सोडलं, आणि जाहिरातदाराला सगळ्या उत्तर भारतात चालेल असं हिंदी कार्टून मराठीपेक्षा स्वस्तात पडतं. त्यात त्याचं काही चुकलं असं नाही, ते त्याचं कामच नव्हतं.

जर्मनीसारखी वर्गणी आपल्याकडे चालणार नाही. रेडिओ आणि टीव्हीचं लायसन्स आपणही एके काळी भरत होतो, ऐंशीच्या दशकात ते गेलं आणि आता परत आणणं कुणालाही शक्य नाही. शिवाय आपल्याला वाहिनी जवळजवळ फुकट लागते: ट्राय या दूरसंचार-प्रसारण नियामकाच्या नियमानुसार पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची किंमत महिन्याला १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. एकोणीस रुपयांत मराठी मालिका भरपूर मिळतात, मुलांसाठी कारखान्यात आठवडाभर कॅमेरा लावून बसणारा माणूस मिळत नाही. त्याचा पगार दुसरीकडून यावा लागेल. ‘किशोर’चा जिथून आला तिथूनच येऊ शकतो. मोठी वाहिनी नको, मंत्र्यांच्या फिती कापणं नको. बालभारतीनं मासिकासारखाच रोज पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम करावा, सह्याद्रीवर दाखवावा, आणि लगेच यूट्यूबवर टाकावा, कारण ताई तिथेच शोधणार आहे.

विषयांना तर मुंबईत तोटा नाही. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी भांडुपला शुद्ध होऊन चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावर कसं चढतं. लोकलच्या टपावरचा पेंटोग्राफ तारेतून वीज कशी घेतो. पण मला विचाराल तर पहिला भाग पावाचा करावा. उंदराच्या कार्यक्रमातल्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींपैकी एक इथल्या साध्या पावाचीच होती: सकाळी टेबलावर येणारा ब्रोटशेन कुठून येतो.

आपल्याकडे तर ही गोष्ट किती मोठी आहे. रात्री मैदा मळला जातो, गोळे एकमेकांना चिकटून ट्रेमध्ये बसतात म्हणून त्यांची लादी होते. भट्टीत लाकडं पेटतात, विटा तापतात. लांब दांड्याच्या फळीनं ट्रे आत सरकवतात आणि त्याच फळीनं बाहेर ओढतात. पहाटे सायकलवर निळं प्लास्टिक बांधून पाववाला निघतो, आणि सातला तो पाव डब्यातल्या भाजीशेजारी बसतो. वडापाव, मिसळपाव, पावभाजी, खिमापाव, कुठल्याही जातीधर्माचं घर यातून सुटत नाही. पोर्तुगीजांपासून इराण्यांपर्यंत किती लोकांचे हात त्या पावाला लागलेत, हे मुलाला सांगता येईल, आणि मूल ऐकेल, कारण पाव त्याच्या हातात आहे.

आणि हे लवकर करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. महापालिकेच्या नोटिसा गेल्या. हवेसाठी ते योग्यच आहे. हिवाळ्यात मुंबईत उतरले की माझ्या लेकीला लगेच खोकला सुरू होतो, मी त्या आदेशाच्या विरोधात नाही. पण लाकडाच्या भट्ट्या एकेक करून बंद होत आहेत आणि भट्टीसमोर उभं राहून हे काम शिकलेली माणसं म्हातारी होत आहेत. बालभारतीत किंवा सह्याद्रीवर हे वाचणारं कुणी असेल, तर एक कॅमेरा, एक चांगला मराठी आवाज आणि एक रात्र एवढंच लागेल. पार्श्वसंगीत नको, निवेदिकेचा मेकअप नको. आठ मिनिटं पुरे. ते झालं की लिंक मला पाठवा, मी ती आधी मुलुंडला पाठवीन.